सांगून जाणं, विचारून जाणं

येत्या जानेवारीत पाच दिवस एकटीने डोंगरात चालायचं मी ठरवलं आहे. मार्ग साधारण असा: मालवणहून कुडाळ, तिथून नारूर, नारूरवरून रांगणा किल्ला. वर एक रात्र. मग पुन्हा खाली कोकणात उतरून शिवापूरचं खोरं, मनोहरगड, पलीकडे शिरशिंगे, आणि शेवटी चढून आंबोली. तिथून लाल एसटी पकडून सावंतवाडीमार्गे घरी. हिमालयात जाऊन आलेल्या कुणालाही ही यादी वाचून हसू येईल. आंबोली समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास. बर्फ नाही, ऑक्सिजनचा प्रश्न नाही, आणि कुठूनही पश्चिमेला उतरत राहिलं तर संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी परसात पोचू, असं निदान नकाशा तरी म्हणतो. (नकाशाचं हे ऐकू नये. ओढा धरून उतरत राहिलेली माणसंच सह्याद्रीत कड्याच्या तोंडाशी अडकतात.)

या बेतात अवघड आहे तो 'एकटी' हा शब्द. बेत बोलून दाखवल्यापासून लोक मला तीन प्रश्न विचारतात. बरोबर कोण? कशाला? आणि घरी चालतं का? पहिल्याचं उत्तर एका शब्दाचं आहे. दुसऱ्याचं उत्तर मला नीट देता येत नाही. पण सॅकमध्ये काय भरायचं यापेक्षा जास्त वेळ मी तिसऱ्या प्रश्नावर घालवला आहे. घरी चालतं का, म्हणजे नेमकं काय? चालायला हवंच का? पाय माझे, सुट्टी माझी, पैसे माझे. मग माझ्या धोक्यावर मालकी कुणाची?

आमचं घर दर्यावरचं. डोंगर म्हणजे मागे दिसणारी निळी रेघ, तिचा उपयोग समुद्रातून परतताना खूण धरायला. काका साठीचा आहे. उलांडीच्या लहान होडीतून पहाटे निघतो, पुष्कळदा एकटाच. त्याला कुणी 'कशाला?' असं विचारत नाही. हे मी आईला बोलून दाखवलं तेव्हा तिचं उत्तर तयार होतं. "दर्यात जातत ते पोटासाठी जातत. तू कित्याक जातंस?"

हा युक्तिवाद मजबूत आहे आणि जुनाही आहे. आपल्याकडे धोक्याला मान मिळतो तो गरजेमुळे. हिरकणी रायगडाचा कडा उतरली ती तान्ह्या बाळासाठी, म्हणून तिच्या नावाचा बुरूज. तीच बाई सहज, संध्याकाळची हवा खायला कडा उतरली असती तर गावाने तिला वेडी ठरवली असती. गरजेचा धोका म्हणजे धैर्य, हौसेचा धोका म्हणजे माज. आईच्या मनातली विभागणी ही अशी आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनाचा एक कोपरा तिच्याशी सहमत आहे. रोज जीव धोक्यात घालणाऱ्यांच्या घरात राहून हौसेने धोका पत्करायला जाणं, यात एक प्रकारची श्रीमंती आहेच.

पण काकाकडे नीट बघितलं की ही विभागणी हलायला लागते. त्याचे दोन्ही मुलगे मुंबईत कमावतात. त्याने होडी विकली तरी घर चालेल, आणि हे त्याला सगळ्यांनी सांगून झालं आहे. पावसाळ्यात होडी वर ओढून ठेवलेली असते तेव्हा तो घरात कसा असतो हे आम्हाला माहीत आहे: जेवणात मीठ कमी, भिंतीला ओल जास्त, टीव्हीचा आवाज मोठा, सगळ्यावर तक्रार. नारळी पौर्णिमा जवळ आली की माणूस बदलतो. तो पोटासाठी जातो हे खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. 'पोटासाठी' हे चारचौघांत चालणारं कारण आहे. त्याच्या आत दुसरं एक कारण आहे, त्याला नाव नाही, आणि कुणी विचारत नाही म्हणून त्याला ते सांगावंही लागत नाही. माझ्याकडे तेवढं आतलंच कारण आहे. बाहेरचं नाही. एवढाच फरक असेल तर तो नैतिक फरक आहे की नुसती सोय?

माझं आतलं कारण फार उदात्त नाही, तेही सांगून टाकते. मला 'स्वतःला शोधायचं' नाही. मी कुठे आहे हे मला बऱ्यापैकी माहीत असतं. कड्यावर पाठमोरं उभं राहून हात पसरलेली रील करायची नाही. मला पाच दिवस असे हवेत की ज्यांत किती वाजता उठायचं, कुठल्या फाट्यावर वळायचं, पाणी कधी प्यायचं, हे सगळे लहान निर्णय माझे असतील आणि चुकले तर त्यांचा त्रासही सरळ मला होईल. गटाबरोबर मी अनेक किल्ले केले आहेत. तिथे पुढारी वाट शोधतो, आपण पुढच्याच्या बुटांकडे बघत चालतो. किल्ला होतो, पण वाट आपल्याला भेटत नाही.

एकटं चालण्याचं आपण फार कौतुक करतो, हेही तयारी करताना लक्षात आलं. मी ज्या वाटांना 'सोलो ट्रेक' म्हणते त्या कुणाच्या तरी रोजच्या वाटा आहेत. घाटमाथ्यावरची धनगरवाड्यांतली माणसं, खालच्या वाड्यांतल्या बाया, गुरांमागे जाणारी पोरं एकेकटी या रानातून जातात, आणि त्यांच्या चालण्याला कुणी नाव दिलेलं नाही. रस्त्याचे घाट होण्याआधी कोकण आणि देश यांच्यातला किती माल या घाटवाटांनी माणसांच्या डोक्यावरून आणि बैलांच्या पाठीवरून गेला असेल. मग माझं एकटेपण वेगळं का? मला वाटतं, ते माणसं नसण्याचं एकटेपण नाही. रानात गेलेली वाडीतली बाई संध्याकाळी परतली नाही तर ती कुठल्या सोंडेवर, कुठल्या पाणवठ्याजवळ असेल हे चार घरांना ठाऊक असतं. ती एकटी असते, पण अनोळखी नसते. मी त्या डोंगरात अनोळखी असणार आहे. माझा पाय मुरगळला तर 'ती अजून आली नाही' असं म्हणणारं माणूस तिथे नाही. ते माणूस मालवणात आहे, आणि त्याला माझा बेत आवडलेला नाही.

याच टप्प्यावर मी जॉन स्टुअर्ट मिल वाचला. कॉलेजात नावापुरता होता, आता गरजेपोटी उघडला. स्वातंत्र्यावरचं त्याचं पुस्तक १८५९ चं, आणि त्यात एक उदाहरण आहे जे आमच्याकडच्या कुठल्याही साकवाला लागू पडेल. समजा एक पूल धोक्याचा आहे हे नक्की झालेलं आहे आणि एक माणूस त्यावर पाय ठेवायला निघालाय. त्याला सावध करायला वेळ नाही. अशा वेळी त्याचा दंड धरून मागे ओढलंत तर तुम्ही त्याचं स्वातंत्र्य हिरावलं असं होत नाही, कारण त्याला नदीत पडायची इच्छा नाहीच. पण पडण्याची खात्री नसून नुसता धोका असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा त्याला सावध करा, आणि बाजूला व्हा. तो धोका पत्करण्याइतकं कारण त्याच्याकडे आहे की नाही हे फक्त तोच ठरवू शकतो.

हे वाचून मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की शंका आली. एक तर हा मिल पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरी करत होता, आणि हे स्वातंत्र्य 'मागासलेल्या' समाजांना लागू नाही असं त्याने त्याच पुस्तकात लिहून ठेवलं आहे. म्हणजे मी वगळलेली. दहा वर्षांनी, १८६९ मध्ये, त्याने स्त्रियांच्या पारतंत्र्याविरुद्ध पुस्तक लिहिलं. म्हणजे बाई म्हणून मी थोडी आत घेतलेली. हा हिशेब बाजूला ठेवू. खरी अडचण दुसरी आहे. मिलच्या पुलावरून पडणारा माणूस एकटाच पडतो. त्याच्यामागे पाण्यात उडी घेणारं कुणी त्या उदाहरणात नाही. काठावर बसून वाट बघणारंही नाही.

सह्याद्रीत ही दोन्ही माणसं असतात. २०१७ च्या पावसाळ्यात आंबोलीजवळ कावळेसाद पॉइंटवर कठड्याबाहेर गेलेले दोन तरुण दरीत कोसळले. तो व्हिडिओ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मी पाहिला याचं मला चांगलं वाटत नाही. त्या व्हिडिओत न दिसलेला भाग हा की त्यानंतर काही दिवस, आंबोलीच्या ऐन पावसात आणि समोरचा हात दिसणार नाही अशा धुक्यात, बचावपथकांची माणसं दोर लावून त्या दरीत उतरत होती. मे २०२२ मध्ये दिल्लीहून आलेला एक तरुण इंजिनिअर लोणावळ्याजवळ नागफणीच्या जंगलात एकटाच फिरायला गेला. वाट चुकल्याचं त्याने फोनवर कळवलं, मग फोन बंद झाला. काही दिवस शोध चालला आणि शेवटी दरीत मृतदेह सापडला. पहिल्या घटनेत बेफिकिरी होती. दुसरीत मला तशी काही दिसत नाही. भर उन्हाळ्यात अनोळखी रानात वाट चुकणं कुणाचंही होऊ शकतं. पण दोन्ही वेळा खाली उतरलेली माणसं त्याच जातीची होती. डोंगरांवर प्रेम असलेली, आपापली कामं टाकून आलेली, बरीचशी विनामोबदला.

म्हणजे 'माझा धोका माझ्यापुरता' हे वाक्य खोटं आहे. मी त्यांना बोलावलं नाही तरी ते येणार. त्यांनी येऊ नये असं लिहून ठेवलं तरी ते येणार. माझ्या स्वातंत्र्याच्या खर्चाची पावती एखाद्या अनोळखी माणसाच्या नावावर फाटू शकते, आणि त्याला कुणी विचारलेलं नाही.

यावर काही देशांनी पैशांचा उपाय काढला आहे. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात निष्काळजीपणामुळे अडकलेल्या माणसाकडून सुटकेचा खर्च वसूल करता येतो. आधीच थोडे पैसे भरून कार्ड घेतलं तर त्या वसुलीतून बरीचशी सूट मिळते. ऐकायला न्याय्य वाटतं. मला ही व्यवस्था आपल्याकडे नको वाटते, कारण बिलाच्या भीतीने फोन करायला उशीर करणारा माणूस हा नेहमी कमी पैसेवालाच असणार, आणि तो जितका उशीर करेल तितका त्याला शोधणाऱ्यांचा धोका वाढणार. पण त्या कायद्यात एक शब्द आहे, तो मी घेतला: निष्काळजीपणा. कायदा डोंगरात गेल्याबद्दल दोष देत नाही, तयारीशिवाय गेल्याबद्दल देतो. धोका आणि निष्काळजीपणा या दोन गोष्टी आहेत. धोका पत्करणं माझा हक्क असेल. निष्काळजीपणा हा हक्क नाही, कारण तो कुणाची तरी रात्र उधार घेतो आणि ती फेडायचा विचार करत नाही.

म्हणून बेत बदलत गेला. पहिल्या आराखड्यात मनसंतोषगड होता. मनोहरगडाला चिकटून असलेला हा जोडकिल्ला. आग्र्याहून सुटून आल्यावर १६६७ मध्ये शिवाजी महाराज महिनाभर इथे मनोहरगडावर राहिले, आणि १८४४-४५ च्या गडकऱ्यांच्या उठावातही हे किल्ले होते. मनसंतोषच्या माथ्याकडे जाणारी वाट तुटलेली आहे. दोराशिवाय आणि जोडीदाराशिवाय जाण्याची ती जागा नाही. तो काढून टाकला. दाजीपूरच्या बाजूने राधानगरी अभयारण्यातून येण्याचा मोह होता, तिथे परवानगीशिवाय आपल्या मर्जीने भटकता येत नाही, आणि गव्यांच्या कळपाला एकटीच्या हक्कांशी देणंघेणं नसतं. तोही काढला. अंधार पडल्यावर चालायचं नाही. दुपारी तीनपर्यंत मुक्कामाच्या टप्प्यात नसले तर मागे फिरायचं, पुढे नाही. तीन लिटर पाणी कायम पाठीवर, त्यातलं एक लिटर हात न लावण्याचं. सुकं गवत आणि वणव्याचा काळ जानेवारीपासून सुरू होतो, तेव्हा चूल नाही. चार दिवस भाकरी, गूळ, शेंगदाणे, चटणी. सुका बांगडा न्यायची फार इच्छा होती, पण त्या वासाने रानातलं कोण कोण जमा होईल हे सांगता येत नाही. आणि गोचीड. २०१६-१७ मध्ये दोडामार्ग-बांदा भागात माकडतापाची साथ आली तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात रानातून आल्यावर अंग तपासणं ही गंमत राहिलेली नाही. पायमोजे विजारीवर ओढून चालायचं, दिसायला कसंही दिसो.

ही सगळी कपात करताना सहल लहान होत गेली, तरी मला आपलं काही हिरावलं जातंय असं वाटलं नाही. आईने यातली एकही गोष्ट सांगितली असती तर मात्र वाटलं असतं.

आता आईकडे येते, कारण बचावपथकाला तयारीने उत्तर देता येतं, आईला नाही.

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ कोकण किनाऱ्यावरून गेलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. काका समुद्रात होता, तेव्हा तो मोठ्या बोटीवर जायचा. तीन दिवस त्या बोटीची काही खबर नव्हती. मला वादळाची आठवण फारशी नाही. आठवतं ते घर. रडारड नव्हती. आई आणि काकी स्वयंपाक करत होत्या, नेहमीइतकाच भात टाकत होत्या, काकाच्या वाटणीचाही. आजी ओसरीवर बसून होती आणि रस्त्यावरून कुणीही गेलं की मान वर करायची. तिसऱ्या दिवशी बोट दुसऱ्याच बंदरात सुखरूप असल्याचा फोन आला. त्या वादळात ज्यांच्या घरी असा फोन आला नाही अशीही घरं या किनाऱ्यावर आहेत. वाट बघणं हे किती कष्टाचं काम आहे हे मला तेव्हापासून ठाऊक आहे, आणि ते काम बहुतेक वेळा बायकांच्या वाट्याला येतं हेही.

मिलला विचारावंसं वाटतं: काळजी ही इजा आहे का? मी गेले की आईला पाच दिवस नीट झोप लागणार नाही. हे मी तिला करते आहे का, की तिचं तिला होतं आहे? इजा मानली तर फार पंचाईत होते. मग कुठलीही मुलगी कधी पुण्याला शिकायला जाऊ शकणार नाही, रात्रपाळी करू शकणार नाही, आवडलेल्या माणसाशी लग्न करू शकणार नाही. ज्यांची काळजी जास्त केली जाते त्यांचं स्वातंत्र्य आपोआप कमी होईल, आणि काळजी सगळ्यांची सारखी केली जात नाही. माझा चुलतभाऊ बाइकवरून एकटा लडाखला गेला तेव्हा त्याला घरच्यांनी "जपून जा" म्हटलं. मला "कित्याक?" म्हणतात. काळजीत प्रेम असतं, आणि त्याच काळजीत हजार वर्षांची सवयही असते. ती वेगळी काढता येत नाही, माशाच्या काट्यासारखी.

पण काळजी इजा नाही, असं म्हणून हात झटकले तर आजीची वर होणारी मान डोळ्यांसमोर येते. ते काहीतरी होतं. आणि डोंगराची भीती एक वेळ आई गिळेल. तिची खरी भीती गव्याची नाही, कड्याचीही नाही. ती माणसांची आहे, आणि ती मलाही आहे. त्यावर माझ्याकडे तत्त्वज्ञान नाही. उजेडात चालणं, रस्त्यालगत उघड्यावर न झोपणं, आणि रांगण्याची एक रात्र सोडली तर बाकीच्या रात्री घरात बाई-मुलं आहेत अशा ठिकाणी आधी सांगून उतरणं, एवढंच आहे. हे जग असं असण्याची जबाबदारी माझी नाही, तरी त्या जगातून जायचं मलाच आहे.

तुकाराम महाराजांची एक कथा लहानपणी कीर्तनात ऐकलेली, ती या दिवसांत वेगळी ऐकू येते. महाराज भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसत, आणि जिजाई उन्हातान्हात त्यांची भाकरी घेऊन डोंगर चढत असे. एकदा तिच्या पायात काटा मोडला, तो विठ्ठलाने येऊन काढला, असं कथा सांगते. कीर्तनकार काट्यापाशी थांबून विठ्ठलाची थोरवी सांगतो. मी आता भाकरीपाशी थांबते. एकांत डोंगरावर होता, पण त्याची भाकरी खालून येत होती. मराठीतल्या सगळ्यात मोठ्या एकांतालाही कुणाचे तरी पाय लागले. जिजाईला ते मान्य होतं का? कथेत ती चिडलेली आहे, विठ्ठलाला शिव्या घालते आहे, आणि तरीही चढते आहे. मला ती चिडलेली जिजाई फार खरी वाटते. तिने हसत चढावं अशी अपेक्षा कथेने केलेली नाही.

आईने मध्ये एक तोडगा काढला होता. ग्रामदेवतेला कौल लावू. सिंधुदुर्गाबाहेरच्यांना सांगायचं तर, देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या किंवा तांदूळ चिकटवतात, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात, आणि उजवीकडचं आधी पडलं की होकार, डावीकडचं पडलं की नकार. मी आधी हसले. मग माझ्याच मोबाइलवर हवामानाची तीन ॲप आहेत आणि तिघांत जे सगळ्यात चांगलं सांगेल त्यावर मी विश्वास ठेवते, हे आठवून हसणं थांबवलं. तरी मी कौलाला नाही म्हटलं, आणि ते अश्रद्धेमुळे नाही. कौल डावा पडला तर मी ऐकणार होते का? नसेन, तर देवाला विचारणं हा देवाचा आणि आईचा अपमान. ऐकणार असेन, तर माझा निर्णय मी कळीवर सोपवते आहे, आणि उजवा पडून पुढे काही बरंवाईट झालं तर आई देवाला बोल लावत बसेल. निर्णय माझा आहे हे तिला स्पष्ट दिसलं पाहिजे. बोल लावायचा तर मला लावता आला पाहिजे.

इथे मला मराठीतले दोन शब्दप्रयोग उपयोगी पडले. विचारून जाणं आणि सांगून जाणं. लहानपणी दोन्ही एकच असतात, "आईला सांगून आलीस का?" याचा अर्थ परवानगी घेतलीस का, असाच असतो. मोठं झाल्यावर ते फाटतात. विचारून जाते ती नकार ऐकायची तयारी ठेवून जाते. सांगून जाते ती नकार ऐकणार नाही, पण समोरच्याला माहितीशिवाय ठेवणार नाही. आणि न सांगता जाणं हे तिसरंच. २००३ मध्ये ॲरन राल्स्टन हा अमेरिकन गिर्यारोहक युटातल्या एका अरुंद घळीत एकटा गेला, दगडाखाली हात अडकला, आणि तो कुठे आहे हे जगात एकालाही माहीत नव्हतं. पाच दिवसांनी त्याने स्वतःचा हात कापून सुटका केली. त्यावर सिनेमा आला, त्याच्या धैर्याचं कौतुक झालं, ते योग्यच होतं. मला मात्र त्या पाच दिवसांत त्याच्या आईचं काय चाललं असेल हे जास्त वाटतं, कारण पहिले काही दिवस तिला काळजी करायचीही संधी नव्हती. काळजी करण्याचा तिचा हक्क त्याने काढून घेतला होता. आईला माझा बेत न सांगता, 'मैत्रिणींबरोबर चाललेय' असं सांगून गेले असते तर तिला शांत झोप लागली असती. ती झोप मी तिला देणार नाही. माझ्या लेखी खोट्या शांततेपेक्षा खरी काळजी हा जास्त मान आहे, जरी तिला या घडीला तो मान वाटत नसला तरी.

म्हणून एक कागद तयार केला आहे. फोनमध्ये नाही, कागदावर, मोठ्या अक्षरात. पाच दिवस, रोजची निघण्याची आणि पोचण्याची जागा, कुठे रेंज असण्याची शक्यता आहे आणि कुठे नाही, रात्री कुणाकडे, त्यांचा नंबर. रोजची एक वेळ, ज्या वेळेपर्यंत फोन आला नाही तरी घाबरायचं नाही. आणि त्यानंतरची एक वेळ, जी उलटली तर पहिला फोन कुणाला, दुसरा कुणाला. ही दुसरी वेळ ठरवायला मला सगळ्यात जास्त त्रास झाला. ती लवकरची ठेवली तर नुसती रेंज नाही म्हणून वीस माणसं रात्री टॉर्च घेऊन निघतील. उशिराची ठेवली तर मी कुठेतरी पडलेली असेन आणि घरी अजून 'घाबरायचं नाही' चालू असेल. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी आठ लिहिलं.

भाऊ म्हणाला, एवढं कशाला, लाइव्ह लोकेशन चालू ठेव. खोऱ्यात रेंज नसेल हे सोडा. असती तरी मला ते नको होतं. हलणाऱ्या निळ्या ठिपक्याकडे दिवसभर बघत बसणं हे वाट बघण्यापेक्षा वाईट काम आहे. ठिपका थांबला की जीव थांबणार, आणि मी तर आंब्याखाली बसून भाकरी खात असेन. उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र परदेशातले ट्रेकर वापरतात, पण आपल्याकडे ते परवान्याशिवाय बाळगता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये इथेच पलीकडे गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटूला त्यावरून अडवलं गेलं होतं. तेव्हा कागदच.

कागद आईसमोर ठेवला. तिने चष्मा लावून पूर्ण वाचला, दोनदा. मग शिवापूरच्या मुक्कामावर बोट ठेवून "हे लोक कोण?" म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्या घरातल्या बाईचं माहेर कुठलं, हे मला माहीत नव्हतं. आईने फोन लावला, आणि वीस मिनिटांत ते माहेर आमच्या एका आत्याच्या सासरच्या वाडीत निघालं. हे तिला बरं वाटलं की नाही ते कळलं नाही. "परत कधी येतलंस तां मोठ्या अक्षरात लिही," एवढं म्हणाली, आणि अजून तिने 'जा' म्हटलेलं नाही.

म्हणणार नाही असंही होईल. तर मी जाणार आहे. निघताना उंबऱ्यावर 'जाते' म्हणायचं नसतं, 'येते' म्हणायचं असतं, ते म्हणेन. तिने हसून दही हातावर ठेवावं, पाठीवरून हात फिरवावा, अशी वाट मी बघणार नाही. ती चिडलेली असेल तर चिडलेलीच राहू दे. मात्र पाचव्या दिवशी आंबोलीला धुकं असलं, पाय दुखत असले आणि शेवटच्या टप्प्यात अजून एक फाटा बघावासा वाटला, तरी कागदावर लिहिलेल्या वेळेची एसटी मला धरायची आहे.